निरोगी घोडी

थेंब पडत नव्हता. सिरिंजच्या तोंडाशी तो नुसता लोंबत होता — फुगत, थरथरत, पोटात सगळी खिडकी उलटी धरून — आणि प्राणशंकर दट्ट्यावरचा अंगठा केसभरही पुढे न सारता त्याच्याकडे बघत बसला होता. जनावरांची सिरिंज, काचेची, मनगटाएवढी जाड. सुई नोकरीबरोबर गेली, नळी राहिली ती आता रंगात पाणी घालायला. खाली ताटलीत काळा रंग वाळून भेगाळत चालला होता. हा थेंब पडला की काळा भिजेल, काळा भिजला की डोळ्यात बुबुळ बसेल, बुबुळ बसलं की घोडी पुरी होईल, आणि घोडी पुरी झाली की मग... म्हणून थेंब पडत नव्हता. त्याचा तरी काय दोष.

जेवणाआधी आपा येणार होते. ओघडआपा वाळा, काठी जमातीचे दरबार, जुने जमीनदार, ढेल घोडीचे धनी — धनी तरी कसले, घरात थोरली सून वागते तशी ती घोडी त्या घरात वागते, फक्त तिला कुणी उलटून बोलत नाही. आपा चित्र बघणार होते. आणि प्राणशंकरने बायकोला सांगून ठेवलं होतं, एकदाच, ताटातून मान वर न करता: ढेल नीट उतरली तर ठीक, नाहीतर कुंचले, रंग, कागद, सगळं विहिरीत.

"विहिरीत नको," मुक्ताबेन म्हणाली होती. "त्या विहिरीचं पाणी पिते मी. तुमच्या घोड्यांची दुखणी पाण्यात उतरायची."

गावात सगळेच हसत. नोकरी सुटल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, मुलाकडे सुरतेला जाऊन सुनेशी भांडतात, निदान मूळव्याधीचं कौतुक करतात. आणि हा प्राणशंकर जानी, सरकारी पशुवैद्य, सगळ्या पंचक्रोशीचा दाक्तर, राजकोटहून जाड कागदांची भेंडोळी घेऊन आला आणि पहाटे उठून घोडे काढायला लागला. वेळ जावा म्हणून काढले असते तर कुणी हसलंही नसतं. पण याला चितारी व्हायचं होतं. खरोखरीचा. उभी हयात घोड्यांच्या नाकात नळ्या आणि मागून हात घालण्यात गेली — आता एकदा त्यांच्याकडे नुसतं बघायचं होतं, आणि ते आहेत तसे कागदावर ठेवायचे होते. एवढंच. एवढंच म्हणतो मी, जसं काही हे मूठभर दाण्यांचं मागणं आहे...

पण कागदावर उतरत ते आजारी.

खोटं वाटेल, पण रामापीराच्या देवळाचं सगळ्या गावाने पाहिलं आहे. भाद्रपदातल्या जत्रेआधी पुजाऱ्याने भिंतीवर पीराचा घोडा काढायला सांगितला: पांढराशुभ्र, पाठीवर झूल, मागे निशाण. प्राणशंकरने महिनाभर खपून काढला. झूल तर अशी की बायका पदर लावून बघत, खरी आहे का. आणि मग मेंढरं राखणारी एक म्हातारी भरवाडीण आली, हात जोडले, वर बघितलं, आणि जोडलेले हात तसेच ठेवून म्हणाली, "अरेरे, पीराच्या घोड्याला धनुर्वात झालाय की!" पाय चार खुंट्यांसारखे ताठ, शेपूट उचललेलं, मान लाकडाची. एकदा कुणी बोललं म्हटल्यावर मग दुसरं काही दिसेना. घोड्याच्या पायाशी गूळ आणि ओवा यायला लागला. कुणी कडुनिंबाचा धूर दिला. एकाने तर पीराचा घोडा बरा होऊ दे म्हणून पीरालाच नवस बोलला. शेवटी पुजारी हात जोडून घरी आला: "दाक्तरसाहेब, लोक पीराकडे आपली दुखणी घेऊन यायचे. आता पीराच्या घोड्याची चौकशी करायला येतात. मी काय सांगू? रात्र बरी गेली म्हणून सांगू?" आणि जत्रेच्या आदल्या दिवशी भिंतीला चुना फासला.

त्यानंतर कापडवाल्या शेठची गीर गाय. ती कागदावर, नुकत्या व्यालेल्या गाईला दूधज्वर व्हावा तशी, मान टाकून बसली. त्यानंतर तरणेतरची जत्रा... तिथे तर तो मुद्दाम गेला होता, शर्यतीच्या मैदानाच्या कडेला, छत्रीखाली, मांडीवर फळी घेऊन — धावणारं घोडं आजारी कसं असेल? धूळ उडाली, माणसं ओरडली, घोडे आले आणि गेले, आणि त्याने खाली पाहिलं तर फळीवर एकच पाय होता. मागचा डावा. जो उद्या सकाळी लंगडणार होता तो.

धडधाकट घोडं बघायला दाक्तरला कोण बोलावतं? कुणी नाही. तो गेला असेल त्या प्रत्येक अंगणात ते कोपऱ्यात उभं असायचं, नाक जमिनीला, डोळा आत वळलेला, आणि घरातली माणसं भिंतीला चिकटून त्याच्या तोंडाकडे बघत असायची. मग हात. पोटावर, मानेखाली, खुराला — ताप कुठे आहे, गाठ कुठे आहे. हात आधी बघायचा, डोळा मागून यायचा, सही करायला आल्यासारखा. आणि घोडं बरं झालं की त्याचं काम संपायचं. बरं झालेलं घोडं सकाळच्या उन्हात कसं उभं राहतं, हे त्याला दुसऱ्यांनी सांगितलेलं. मुक्ताला बघायला गेलो होतो तेव्हासुद्धा — ती चहा घेऊन आली, खाली बसली, सगळे म्हणाले की डोळे काय सुंदर आहेत, आणि मला दिसलं की खालची पापणी आतून फिकी आहे, रक्त कमी आहे. हेच दिसलं. अजून तेच आठवतं. डोळे सुंदर होते का ते मला माहीत नाही...

आत मुक्ताबेन पाटावरून उठली. उजव्या गुडघ्यावर हात. उजव्या. त्याने मान फिरवली.

म्हणून ढेल. हे त्याने फार विचार करून ठरवलं होतं. ढेल जन्मली त्याच पावसाळ्यात त्याची नोकरी संपली. आसपासच्या सगळ्या गावांत हे एवढं एकच घोडं होतं ज्याला त्याने कधी हात लावला नव्हता, कधी सुई टोचली नव्हती, ज्याची जीभ कधी ओढून बघितली नव्हती. आणि तिला कधी काही झालंही नव्हतं. कुमेत, तांबूस-तपकिरी रंगाची, पाण्यातून काढल्यासारखी चकाकणारी. कान असे आत वळलेले की टोकाला टोक लागतं, आणि आपा म्हणत की त्या दोन टोकांमधून वारासुद्धा विचारून जातो. दोन महिने तो छकडो रिक्षात बसून आपांच्या गावी जात होता. अंगणातल्या लिंबाखाली बसायचा. हात मांडीखाली दाबून ठेवायचा — खरंच दाबून, मुंग्या येईपर्यंत — म्हणजे ते मध्ये पडणार नाहीत. नुसतं बघायचं. ढेल वैरण खायची, माशी हाकलायची, कधी मान मागे वळवून आपल्याच कुशीकडे बघायची, आणि ती वळलेली मान... नदीने वळण घ्यावं तशी. तीच त्याने काढली.

थेंब पडला. त्याने ढकलला की आपण होऊन पडला, सांगता येणार नाही. काळा भिजला. त्याने बुबुळ ठेवलं, मागे सरकला, आणि एक क्षण — खरंच एक क्षण — ती ढेल होती.

जीप दाराशी थांबली तेव्हा रंग ओलाच होता.

ओघडआपा वाकून आत आले. पांढरी दाढी मधोमध फाकून दोन्ही कानांकडे विंचरलेली, हातात काठी. "राम राम, भूदेव. राम राम, बेन. चहा नंतर. आधी माझ्या लेकीला बघू दे."

बघितलं. प्राणशंकर चित्राकडे बघत नव्हता, आपांच्या दाढीकडे बघत होता. दाढी थांबली होती. मग आपांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला, आणि फार हळू आवाजात म्हणाले, "पोटात दुखतंय तिच्या?"

"आपा..."

"कुशीकडे बघतेय. मागचा पाय पोटाखाली ओढलाय. कान सुटलेत एकमेकांपासून. ढेलचे कान कधी सुटतात?"

"आपा, हे चित्र आहे. मी काढलंय. माझा हात अजून..."

"तुमचाच हात आहे म्हणून तर," आपा म्हणाले. "हिची आजी पडली होती, तीन दाक्तर हात झटकून गेले होते. तुम्ही दारातून पाहिलंत, आत पाय नव्हता टाकला, आणि म्हणालात आतड्याला पीळ आहे. दारातून! आणि हिच्यासमोर दोन महिने बसलात. मला म्हटलंत चित्र काढतोय. मी मनात म्हटलं, भूदेव काहीतरी बघतोय, बोलत नाही."

"तिला काही नाही, आपा. धडधाकट आहे ती."

"तोंड तसं म्हणतंय." आपांनी काठीने कागदाकडे दाखवलं, कागदाला न लावता. "हात काय म्हणतोय?"

प्राणशंकरने रंगाने भरलेला हात पाठीमागे नेला. आपांनी चित्र उचललं, ओलं, छातीशी धरलं, आणि चहा न घेता जीपमध्ये बसले. शेपटीचा थोडा रंग त्यांच्या अंगरख्याला लागून गेला.

मुक्ताबेन पदराला हात पुसत बाहेर आली. "काय हो, आवडलं?"

"घोडीच्या पोटात दुखतंय म्हणाले."

ती हसायला लागली. भिंतीचा आधार घेऊन हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघून थांबली, आणि साधंच, मीठ आहे का विचारावं तसं, विचारलं, "मग? दुखतंय का?"

तो जेवायला बसला. बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत, ताक. पहिला घास तोंडात फिरत राहिला. दुखतंय का? त्याने उभ्या आयुष्यात हा प्रश्न हजारदा ऐकला असेल, दारादारांतून. असा कधी आत जाऊन बसला नव्हता. दुखत नसेल — तर मग सरळ आहे, विहीर. तर मग मी एक असा माणूस, ज्याच्यासमोर देवाने केलेली सगळ्यांत निरोगी गोष्ट दोन महिने उन्हात उभी केली आणि ज्याला तिच्यात पोटशूळ दिसला. पण दुखत असेल तर? आत कुठे खोल, अजून कुणाला कळण्याआधी, तिला स्वतःला कळण्याआधी... तर माझा हात चुकला नाही. तर मी पाहिलं. चितारी दुसरं काय करतो? जे आहे ते, वरचं कातडं बाजूला सारून... तर रामापीराचा घोडासुद्धा... नाही, तो नाही. पण ढेल — ढेल मी पाहिली. खरी. पहिल्यांदा.

"अजून देऊ?" मुक्ताबेनने विचारलं, आणि त्याच्या लक्षात आलं की रोटला संपला आहे, आणि तो हो म्हणाला आहे, आणि कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली आहे. घास हातातच राहिला. मी काय जेवतोय हे? कशाच्या आनंदात जेवतोय?

हात धुऊन तो तसाच निघाला.

छकडो रिक्षा दोन तासांनी मिळाली, आणि ती सगळ्या अंगाने थडथडत होती. समोरच्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती, चोच उघडी, पापणी अर्धी मिटलेली. त्याने डोळे मिटून घेतले. सांगायचं, उतरल्या उतरल्या सांगायचं: आपा, मला घोडं काढता येत नाही. सगळ्यांसमोर. मी चितारी नाही, माझा हात बिघडलेला आहे, घोडी धडधाकट आहे. पाच-सहा शब्दांचं काम. ते शब्द तो जिभेवर ठेवून बसला होता, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला त्यातला एकेक गिळला जात होता.

आपांच्या डेलीत, मोठ्या दरवाजाच्या आतल्या ओसरीवर, गावचे म्हातारे जमले होते. खाटेला टेकवून चित्र ठेवलं होतं, आणि समोर अंगणात एक गडी ढेलला लिंबाभोवती फिरवत होता, तोंडाला जाळी बांधून, म्हणजे ती कुठे तोंड घालायला नको. सकाळच्या वैरणीनंतर तिच्या पोटात काही नव्हतं. ऊन तापलं होतं. म्हातारे एकदा चित्राकडे बघत, एकदा घोडीकडे, लग्नाआधी पत्रिका जुळवावी तसे.

"बघा बघा, तिथे वळताना पाय ओढला."

"खडा होता तिथे."

"चित्रात कुठे खडा आहे? तिथेही ओढलाय."

गढवी, गावचा भाट, हुक्का बाजूला सारून सरसावला होता. "अरे, यात नवल काय? माझ्या आजोबाच्या वेळी एका चिताऱ्याने दरबाराच्या ओसरीवर मेघ काढला. काळा मेघ. तर महिन्यात भिंतीला ओल आली आणि पाहुण्यांना सर्दी झाली. शेवटी त्याच्या हाताने कोपऱ्यात सूर्य काढून घेतला तेव्हा वाळली."

"मग दाक्तरलाच सांगा, बरी घोडी काढा म्हणावं!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले, आणि प्राणशंकर दारातून आत आला तसे सगळे बाजूला सरकले. जागा करून दिली. पाणी आलं. एवढा मान त्याला चिताऱ्याच्या जन्मात अजून मिळाला नव्हता. त्याच्या चित्राकडे एवढी माणसं एवढा वेळ कधी बघत बसली नव्हती, एकेक रेघ बोट दाखवून कुणी वाचली नव्हती... आणि हे त्याला बरं वाटलं. हेही त्याला बरं वाटलं.

तालुक्याचा नवा दाक्तर, तरुण, घामाघूम, त्याच्याकडे जवळजवळ धावत आला. "सर, बरं झालं आलात. मी दोनदा तपासलं. ताप नाही, नाडी ठीक, लीद ठीक. हे ऐकतच नाहीत. उलट असं उपाशी ठेवून उन्हात फिरवलं तर खरंच काहीतरी होईल, तुम्हाला मी काय सांगणार. तुम्ही फक्त एकदा सांगा, सर. नुसतं चित्र आहे म्हणून."

नुसतं चित्र आहे म्हणून. त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"या पोराचं शिक्षण खोटं नाही," आपा म्हणाले. उन्हात उभे होते ते, चेहरा काही तासांत सुकलेला. "पण पोरगा यंत्र लावून ऐकतो. तुम्ही स्वतः ऐका. दुखत नाही म्हणालात तर या क्षणी जाळी काढतो. दुखतंय म्हणालात तर..." त्यांनी काठीवरचा हात बदलला. "फक्त खरं सांगा, भूदेव."

गड्याने ढेलला थांबवलं. प्राणशंकर तिच्याजवळ गेला. दोन महिने मांडीखाली दाबून ठेवलेला हात वर आला आणि तिच्या कुशीवर टेकला — पहिल्यांदा. कातडी गरम होती, घामाने चिकट, हाताखाली एकदा थरथरली. मानेच्या वळणाचं त्याला आता काही आठवेना, रंगाचंही नाही. हाताने आपली जुनी जागा बरोबर शोधली, बरगड्यांच्या मागे, आणि त्याने वाकून कान लावला.

निरोगी घोड्याचं पोट कधी गप्प नसतं. लांबवर वाळूतून गाडी जावी, कुणीतरी घागरीत घागर ओतावी, तसं काहीतरी सारखं चाललेलं असतं. ते थांबलं की दाक्तरने घाबरायचं. आणि उपाशी पोट जरा कमी बोलतं, हेही त्याला ठाऊक होतं, आणि आपल्या कानाचं वय झालं आहे हेही. त्याने डोळे मिटले.

काही नव्हतं.

आणि त्या काही नसण्यातून एक खुशी त्याच्या छातीत वर चढायला लागली, उष्ण, तरुण, लाज नसलेली... मग अगदी खोल एक गुरगुर झाली. झाली का? की हे माझंच रक्त कानात वाजतंय, माझीच बाजरी माझ्याच पोटात... त्याने कान आणखी दाबला. गाल तिच्या घामाने भिजला. पुन्हा काही नाही. पुन्हा काहीतरी, की नाही. ढेलने मान वळवली आणि त्याच्याकडे बघितलं, किंवा आपल्या कुशीकडे, तो मध्ये होता त्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

"बोला, भूदेव."

तो बोलत होता. ओठ तिच्या कुशीला लागले होते आणि हलत होते, आणि काय म्हणतोय हे त्याला नीट ऐकू येत होतं, बाकी काही ऐकू येत नसलं तरी. गप्प राहा, तो म्हणत होता. गप्प राहा, माझी आई, एवढं एकदा गप्प राहा... आणि कुणाच्या पोटाला म्हणतोय तेही त्याला कळत होतं, आणि म्हणणं थांबवता येत नव्हतं.